उचललेलं पाणी, सोडलेलं पाणी

मे महिन्यात सह्याद्रीच्या पश्चिम उतारावरच्या बहुतेक नद्यांची पात्रं उघडी पडतात. उल्हास मात्र वाहती असते. उल्हासनगर कॅम्प १ च्या अंगाला, शहाडच्या पुलाखाली, ऐन उन्हाळ्यात जे पाणी दिसतं त्यातलं बरंचसं कोकणात पडलेलं नसतंच. ते पडलेलं असतं घाटमाथ्यावर, मावळात, आंद्रा नदीच्या खोऱ्यात. आंद्रा इंद्रायणीला मिळते, इंद्रायणी भीमेला आणि भीमा कृष्णेला. म्हणजे हे पाणी जायचं होतं बंगालच्या उपसागराला. ठोकळवाडीच्या धरणात अडवून टाटांच्या कंपनीनं ते घाटाखाली भिवपुरीच्या वीजघरात उतरवलं, १९२२ साली. तेव्हापासून टर्बाइन फिरवून झालेलं हे पाणी पेज नदीत सुटतं आणि पेजेतून उल्हास नदीत येतं.

उल्हासच्या खोऱ्याचा गेल्या दीडशेहून अधिक वर्षांचा इतिहास या एका उदाहरणात मावतो. इथे जो आला त्याला पाणी लागलं. रेल्वे आली, आगपेटीचा कारखाना आला, पलटण आली, निर्वासित आले, रेयॉन आलं, एमआयडीसी आली. प्रत्येकानं किती पाणी उचललं याची नोंद आहे, कारण उचललेल्या पाण्याची पट्टी भरावी लागते. वापरून झाल्यावर ते कुठे सोडलं, कशा अवस्थेत सोडलं, याची वही मात्र कित्येक दशकं कुणी उघडलीच नाही. अंबरनाथ, उल्हासनगर आणि बदलापूरची नदी एका दिवसात बिघडली नाही, ती या न उघडलेल्या वहीमुळे बिघडली.

बंदर, देऊळ आणि टाकी

उल्हास राजमाचीच्या डोंगरात, बोरघाटाच्या कुशीत उगम पावते आणि कर्जत, नेरळ, वांगणी, बदलापूर, शहाड करत कल्याणला येते. तिथून खाडी सुरू होते. वसईच्या खाडीपर्यंत तिची लांबी सुमारे १२२ किलोमीटर. कल्याण हे तिच्या मुखाकडचं प्राचीन बंदर, इसवी सनाच्या पहिल्या शतकातल्या ‘पेरिप्लस’ या ग्रीक प्रवासवर्णनात त्याचा उल्लेख आहे. १६५७ साली कल्याण-भिवंडी स्वराज्यात आल्यावर शिवाजी महाराजांच्या आरमाराची सुरुवात याच खाडीत झाली. आरमाराला दोन गोष्टी लागतात, खोल पाणी आणि चांगलं लाकूड. दोन्ही या खोऱ्यात होत्या. लाकडाचं ते जंगल पुढेही टिकलं: १८८२ साली ठाणे जिल्ह्याचं गॅझेटियर छापलं गेलं तेव्हाही जिल्ह्यातल्या वन्यप्राण्यांच्या यादीत वाघ होता.

उल्हासची धाकटी बहीण म्हणजे वालधुनी. मलंगगडाच्या रांगेत काकोळ्याच्या बाजूला ती निघते आणि अंबरनाथ, उल्हासनगर, विठ्ठलवाडी असा जेमतेम तीसेक किलोमीटरचा प्रवास करून कल्याणजवळ उल्हासला मिळते. अंबरनाथचं शिवमंदिर हिच्याच काठी आहे. शिलाहार राजा मम्वाणीच्या काळातला, शके ९८२ म्हणजे इ. स. १०६० चा शिलालेख तिथे आहे. गाभारा जमिनीच्या पातळीखाली आहे, पायऱ्या उतरून पिंडीपाशी जावं लागतं. देवळासाठी जागा निवडणाऱ्यांनी वाहत्या, स्वच्छ पाण्याची जागा निवडली होती हे आज तिथे उभं राहून कुणाला सांगावं लागतं, एवढं पुढे घडलं आहे.

१ मे १८५४ रोजी ठाण्याहून रेल्वे कल्याणला पोचली आणि दोनच वर्षांत बदलापूरमार्गे घाटाच्या पायथ्याशी. कोळशाइतकीच वाफेच्या इंजिनाला पाण्याची तहान. कल्याण जंक्शन झालं तशी ती तहान वाढली आणि ग्रेट इंडियन पेनिन्सुला रेल्वेनं वालधुनीच्या वरच्या अंगाला, काकोळ्याजवळ धरण बांधलं. लोक त्याला आजही ‘जीआयपी टँक’ म्हणतात. वाफेची इंजिनं गेली, पाणी तेवढंच नितळ राहिलं. अंबरनाथच्या ‘रेल नीर’ प्रकल्पाला याच धरणाचं पाणी मिळतं. गाडीत पैसे मोजून आपण जी बाटली घेतो तिच्यात वालधुनी असते. तीच वालधुनी काही किलोमीटर खाली आली की लोकलमधले प्रवासी नाकाला रुमाल लावतात. अंबरनाथ ते विठ्ठलवाडी या पट्ट्यात डोळे मिटून बसलेल्या माणसालाही स्टेशन आल्याचं वासावरून कळतं, ही या लाइनवरची जुनी थट्टा आहे.

आम्ल, आगपेटी आणि छावणी

अंबरनाथला रसायनांचा कारखाना एमआयडीसीच्या कितीतरी आधी आला. धरमसी मोरारजी केमिकल कंपनी १९१९ ची. गंधकाम्ल आणि त्यापासून सुपरफॉस्फेट खत बनवणाऱ्या देशातल्या अगदी पहिल्या कारखान्यांपैकी हा एक. पाठोपाठ १९२० च्या दशकात स्वीडिश भांडवलाची ‘विमको’ आली आणि अंबरनाथची आगपेटी घराघरात गेली. रेल्वे दाराशी, मुंबई दीड तासावर, पाणी बारमाही: उद्योगाला याहून काय हवं? त्या काळात कारखान्याच्या परवान्यात सांडपाण्याचा रकाना नसायचा. नदीत सोडलेलं नदी वाहून नेते, असा साऱ्या जगाचाच समज होता. मँचेस्टरच्या अरवेलचं आणि लंडनच्या टेम्सचं तेच झालं होतं.

मग दुसरं महायुद्ध आलं. सैन्य ठेवायला कल्याणच्या बाहेर उल्हास आणि वालधुनीच्या मधल्या माळावर मोठी लष्करी छावणी उभी राहिली. शहाड, म्हारळ, वडोल, आशेळे, माणेरे या आगरी गावांच्या मधली ती जमीन. शेजारी नेवाळीला विमानतळासाठी शेतकऱ्यांच्या जमिनी घेतल्या गेल्या. त्या परत मिळाव्यात म्हणून २०१७ सालीही आंदोलन पेटलं होतं. छावणीत २,१२६ बराकी आणि हजाराहून अधिक निवासी खोल्या होत्या. बराक म्हणजे मधे लांबलचक दालन आणि दोन्ही टोकांना खोल्या. गटारं उघडी, उतार सरळ नाल्याकडे, कारण पलटण आज इथे, उद्या तिथे. पन्नास वर्षं टिकणारी मलवाहिनी छावणीत कोण घालतो?

युद्ध संपलं, छावणी ओस पडली, आणि दोन वर्षांत फाळणी झाली. कराचीहून बोटींनी मुंबईला उतरलेल्या सिंधी कुटुंबांना सरकारनं या रिकाम्या बराकींत आणून सोडलं. लाखाच्या आसपास माणसं. एकेका बराकीत गोणपाटाचे आडोसे करून किती तरी संसार मांडले गेले. छावणीचे पाच भाग पडले आणि सैन्याचा शब्द पत्त्यात कायमचा राहिला: कॅम्प १ ते कॅम्प ५. ८ ऑगस्ट १९४९ रोजी गव्हर्नर जनरल चक्रवर्ती राजगोपालाचारी यांनी इथे नव्या वसाहतीची कोनशिला बसवली आणि नदीवरून तिचं नाव ठेवलं, उल्हासनगर.

हे लोक सिंधू नदीच्या काठचे. त्यांचा इष्टदेव झुलेलाल पाण्याचा देव, पल्ला माशावर आरूढ झालेला. चेटीचंडला, म्हणजे सिंधी नववर्षाला, बहराणा साहिब हे पूजेचं तबक सजवून वाजतगाजत पाण्याकडे न्यायचा, श्रावणाच्या आगेमागे ४० दिवसांचं चालिहा व्रत धरायचं आणि शेवटी मटकी पाण्यात सोडायची, ही त्यांची परंपरा. कॅम्प ५ च्या चालिया मंदिरातली अखंड ज्योत सिंधमधून आणलेली आहे, अशी श्रद्धा आहे. घरदार, शेती, दुकानं मागे टाकून आलेल्या माणसांना नवा गाव मिळाला तो नदीच्या नावाचा, याचा त्यांना आधार वाटला असणार. पण बराकीतल्या माणसाला नदीची पूजा करायला सवड होती, नदीची काळजी घ्यायला नव्हती. सकाळी उठून पापड लाटायचे, मिठाई करायची, लोकलमध्ये जाऊन विकायची. पुढे बराकीच्याच एका टोकाला यंत्र बसलं, कुणाचं फर्निचर, कुणाचं प्लास्टिक, कुणाचं शिवणकाम. उल्हासनगर वाढलं ते असं, घरात कारखाना आणि कारखान्यात घर. २०११ च्या जनगणनेत शहराची लोकसंख्या ५,०६,०९८ भरली, आणि क्षेत्रफळ जेमतेम १३ चौरस किलोमीटर. लष्करी मुक्कामापुरत्या आखलेल्या उघड्या गटारांवर पाच लाखांचं शहर बसलं.

रेयॉनचा काळ

१९५० च्या दशकात कॅम्प १ च्या शेजारी शहाडला सेंच्युरी रेयॉन उभा राहिला. नदीपलीकडे मोहन्याला नॅशनल रेयॉन आधीपासून होताच. एकाच नदीच्या दोन काठांवर रेयॉनचे दोन कारखाने येणं हा योगायोग नाही. व्हिस्कोस रेयॉन करायचं तर लाकडाचा लगदा कॉस्टिक सोड्यात भिजवायचा, कार्बन डायसल्फाइड मिसळून त्याचा घट्ट पाक करायचा आणि बारीक छिद्रांतून गंधकाम्लाच्या द्रावणात सोडायचा. तिथे त्याचा धागा होतो. मग तो धागा धुवायचा, पुन्हा धुवायचा. सगळा जीव धुण्यात, म्हणजे पाण्यात. या धाग्यानं कॅम्प १ आणि आसपासच्या गावांतल्या हजारो घरांत चूल पेटवली. पाळी सुटल्याचा भोंगा हेच इथलं घड्याळ होतं. कारखान्यानं बांधलेलं शहाडचं विठ्ठलमंदिर, लोकांच्या तोंडी ‘बिर्ला मंदिर’, आषाढी-कार्तिकीला वारकऱ्यांनी फुलतं. मोहन्याचा कारखाना २००९ साली बंद पडला तेव्हा नदीकाठच्या कितीतरी घरांचा आधार गेला, हेही याच इतिहासात लिहायला हवं. नदी की पोट असा प्रश्न इथे कुणी सोपा करून सांगू नये.

१९६२ साली महाराष्ट्र औद्योगिक विकास महामंडळ, म्हणजे एमआयडीसी, स्थापन झालं. डोंबिवली, अंबरनाथ, बदलापूर हा पट्टा रंग, औषधं आणि रसायनांच्या छोट्या-मोठ्या कारखान्यांनी भरला. त्यांना पाणी द्यायला महामंडळानं बदलापूरजवळ बारवी नदीवर धरण बांधलं, ते १९७२ च्या सुमारास. धरणाची उंची टप्प्याटप्प्यानं वाढवली गेली, आणि दर टप्प्याला काठावरच्या आदिवासी पाड्यांनी पुनर्वसनाचा प्रश्न विचारला. बारवीचं पाणी जांभूळच्या केंद्रात शुद्ध होऊन कारखान्यांना जातं आणि शहरांनाही. उल्हास नदीवरून नाव घेतलेल्या उल्हासनगर महापालिकेला स्वतःचा जलस्रोत नाही. ती एमआयडीसीकडून पाणी विकत घेते. थोडं खाली शहाडहून ‘स्टेम’ या पाणीपुरवठा संस्थेचे पंप ठाणे, भिवंडी, मीरा-भाईंदरसाठी पाणी उचलतात, मोहिलीहून कल्याण-डोंबिवली उचलते, वर बदलापूरच्या बॅरेजवर जीवन प्राधिकरण उचलतं. मुंबईच्या उत्तरेकडचं अर्धं महानगर या एका नदीवर जगतं.

कायदाही आला, आणि महाराष्ट्रात तो देशाच्या आधी आला. जलप्रदूषण प्रतिबंधाचा राज्याचा कायदा १९६९ चा. ७ सप्टेंबर १९७० रोजी प्रदूषण नियंत्रण मंडळ स्थापन झालं. केंद्राचा जल कायदा त्यानंतर चार वर्षांनी, १९७४ ला झाला. म्हणजे कायद्याची कमतरता कधीच नव्हती. अडचण होती ती नाल्याच्या तोंडाशी उभं राहून बाटलीत नमुना भरण्याची आणि त्या बाटलीचा पाठपुरावा करण्याची.

दोन नद्या, दोन न्याय

उल्हास आणि वालधुनीच्या नशिबातला फरक नकाशावर बोट ठेवून समजतो. वालधुनी उल्हासला मिळते ती कल्याणजवळ, मोहन्याच्या बंधाऱ्याच्या खाली. पाणी उचलणारे सगळे पंप त्याच्या वर. त्यामुळे वालधुनीत काय वाहतं ते कुणाच्याच नळाला आलं नाही. जे नळाला येत नाही त्याची बोंब होत नाही. खेमानी नाल्याची गोष्ट उलट. उल्हासनगरच्या पश्चिमेकडचं सांडपाणी घेऊन तो थेट उल्हास नदीत उतरायचा, आणि तोही पंपांच्या आसपास. म्हणून त्याच्यावर बातम्या आल्या, निधी आला, नाला अडवून सांडपाणी पंपानं शुद्धीकरण केंद्राकडे वळवण्याची योजना आली. माणसाला स्वतःच्या पेल्यातली घाण दिसते, शेजाऱ्याच्या दारातली दिसत नाही. वालधुनी सगळ्यांचं शेजाऱ्याचं दार ठरली.

सामाईक सांडपाणी प्रक्रिया केंद्रांची कल्पना कागदावर चांगली होती. लहान कारखान्याला स्वतःची यंत्रणा परवडत नाही, तेव्हा सगळ्यांनी आपापल्या दाराशी प्राथमिक प्रक्रिया करावी आणि पुढचं काम एका केंद्रावर व्हावं. केंद्रातलं मुख्य काम यंत्र करत नाही, जिवाणू करतात. हवा फुंकलेल्या टाकीत ते सांडपाण्यातला सेंद्रिय माल खातात. एखाद्या कारखान्यानं रात्री कच्चं आम्ल किंवा विषारी द्रव सोडलं की टाकीतले जिवाणू मरतात आणि केंद्र नुसता वाटेवरचा हौद बनतं. जिवाणूंची नवी पिढी तयार व्हायला दिवस जातात आणि तेवढे दिवस सगळ्यांचंच सांडपाणी जसंच्या तसं पुढे जातं. एकानं चोरी केली की प्रामाणिक कारखानदाराचे पैसेही पाण्यात.

कॅम्प ५ मधल्या जीन्सच्या बाजारानं आणखी एक रंग मिसळला. नवं डेनिम कापड खळीनं कडक असतं. ते मऊ आणि फिकं करायला प्युमिसचे दगड, ब्लीच आणि रसायनं घालून मोठ्या ड्रममध्ये घुसळतात. या ‘वॉश’चं निळं पाणी नाल्यात आणि नाला वालधुनीत. देशभरच्या फुटपाथवर स्वस्तात मिळणाऱ्या जीन्सच्या किमतीत हे पाणी कधीच धरलेलं नव्हतं. कोर्टाच्या रेट्यानं २०१० च्या दशकाच्या उत्तरार्धात हे कारखाने बंद झाले, वीज-पाणी तोडलं गेलं, आणि बरेच जण महापालिकेच्या हद्दीबाहेरच्या गावांकडे सरकले. हद्द बदलली, ओढे त्याच खोऱ्याचे. याच कॅम्प ५ मध्ये एक गोष्ट मात्र वाया जात नाही: कापडाची चिंधी. शिलाईतून उरलेला तुकडा न् तुकडा गोळा होतो, वजनावर विकला जातो, कुठे पायपुसणं होतो तर कुठे उशीत भरला जातो. ज्याला भाव मिळतो ते उल्हासनगर कधी फेकत नाही. पाणी फेकलं जातं, कारण वापरलेल्या पाण्याला भाव नाही.

नोव्हेंबर २०१४ च्या अखेरीस एका पहाटे वडोल गावाच्या परिसरात लोक खोकत, डोळे चोळत घराबाहेर आले. कुणी तरी टँकरमधून घातक रसायन वालधुनीच्या पात्रात ओतलं होतं, त्यातून विषारी वायू सुटला आणि शेकडो लोकांना रुग्णालयात न्यावं लागलं. टँकर गुजरातच्या बाजूनं आल्याचं तपासात पुढे आलं. म्हणजे वालधुनीची कीर्ती राज्याबाहेर गेली होती: जिथे एवढं सगळं वाहतं तिथे आणखी एक टँकर कोणाला कळणार?

कोर्टाच्या पायऱ्या

त्याच्या आदल्याच वर्षी, २०१३ साली, ‘वनशक्ती’ या संस्थेनं राष्ट्रीय हरित लवादाच्या पुण्यातल्या पीठापुढे उल्हास आणि वालधुनीच्या प्रदूषणाविरुद्ध अर्ज दाखल केला. प्रतिवादींमध्ये प्रदूषण नियंत्रण मंडळ, प्रक्रिया केंद्रं, नगरपालिका, महापालिका असे सगळेच. प्रत्येकाच्या म्हणण्याचा सूर ओळखीचा होता. कारखाने म्हणत, घाण घरगुती सांडपाण्याची. पालिका म्हणत, घाण कारखान्यांची. जुलै २०१५ मध्ये लवादानं दोघांनाही धरलं आणि प्रक्रिया केंद्रं व स्थानिक संस्थांवर कोट्यवधींची भरपाई लादली. प्रकरण सर्वोच्च न्यायालयात गेलं आणि तिथल्या तारखांनी यंत्रणांना पहिल्यांदा मोजदाद करायला लावलं: किती दशलक्ष लिटर सांडपाणी तयार होतं, किती केंद्रापर्यंत पोचतं, किती मधेच नाल्यात जातं.

२०१८ साली केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळानं देशातल्या ३५१ प्रदूषित नदीपट्ट्यांची यादी केली. त्यातले ५३ एकट्या महाराष्ट्रात, सर्व राज्यांत सर्वाधिक. उल्हासचा मोहने ते बदलापूर हा पट्टा त्यात आहे. यादीचा निकष साधा आहे. लिटरभर पाण्यातली घाण कुजवायला जिवाणूंना ३ मिलिग्रॅमहून जास्त प्राणवायू लागत असेल, तर नदी आजारी समजायची. लोकांना या आकड्याची गरज नव्हती. त्यांना जलपर्णी दिसत होती. दक्षिण अमेरिकेतून आलेली ही जांभळ्या फुलांची वनस्पती सांडपाण्यातल्या नत्र-स्फुरदावर पोसते आणि बंधाऱ्यामागच्या संथ पाण्यावर हिरवी चटई अंथरते. खाली ऊन पोचत नाही, प्राणवायू संपतो. मोहने आणि रायत्याच्या पट्ट्यात उन्हाळ्यात नदी दिसेनाशी व्हायची. २०२१ साली मोहन्याला कार्यकर्ते थेट नदीपात्रात बसले, तेव्हा कुठे जलपर्णी काढण्याचं काम हललं. पण काढलेली जलपर्णी पुढच्या वर्षी परत येते, कारण तिचा खुराक बंद झालेला नसतो.

काठावरचे

नदी म्हणजे नुसतं पाणी नव्हे हे या खोऱ्यातल्या कातकरी, ठाकर आणि आगरी माणसाला कुणी शिकवावं लागत नाही. पहिला मोठा पाऊस पडला, ओढे नदीला जुळले की मासे प्रवाहाच्या उलट दिशेनं शेतांकडे चढतात. ही वलगण. अंडी घालायला त्यांना उथळ, ताजं, प्राणवायू भरलेलं पाणी हवं असतं, आणि भातखाचरात ते त्यांना चार दिवस मिळतं. रात्री बत्ती घेऊन बांधाबांधावर माणसं जमतात, खाचराच्या तोंडाशी मासे धरायची भोकशी लावतात. जाणते म्हातारे अंड्यांनी भरलेली मादी परत सोडायला सांगतात, कारण पुढच्या वर्षीची वलगण तिच्या पोटात असते. पण नेमक्या याच पहिल्या पावसाची वाट आणखी कुणी तरी पाहत असतं. साठवून ठेवलेलं रसायन पुराच्या पाण्याबरोबर सोडून दिलं की पकडलं जायची भीती नाही. बदलापूर-अंबरनाथच्या ओढ्यांत जूनमध्ये मेलेल्या माशांचा खच दिसतो, तेव्हा मच्छीमारांची तक्रार हीच असते. चढणारे मासे आणि उतरणारं विष यांची गाठ एकाच आठवड्यात पडते.

खोऱ्याच्या कडेला जंगल अजून आहे. बारवीच्या जलाशयाभोवती, मलंगगडाच्या उतारांवर, पलीकडे मुरबाडकडून भीमाशंकरच्या रांगेपर्यंत. तिथला बिबट्या अधूनमधून शहरात येतो. २०१९ च्या सुरुवातीला तो कॅम्प ५ मधल्या भाटिया चौकाजवळच्या बंगल्यात शिरला. बोरिवलीच्या संजय गांधी राष्ट्रीय उद्यानाच्या पथकानं आणि वनखात्यानं त्याला बेशुद्ध करून पकडलं. नोव्हेंबर २०२२ मध्ये कल्याण पूर्वेला चिंचपाडा रस्त्यावरच्या इमारतीत शिरलेल्या बिबट्यानं काही जणांना जखमी केलं, दिवसभराच्या प्रयत्नानंतर तो हाती लागला. दोन्ही वेळी चर्चा झाली ती ‘बिबट्या शहरात कसा आला’ याची. त्याच्या बाजूनं पाहिलं तर ओढ्याच्या काठानं रात्री चालत येणं ही त्याच्या पूर्वजांची वाट आहे. ओढा काँक्रीटमध्ये गेला, काठावर चाळी आणि टॉवर आले, कचऱ्यापाशी कुत्री जमली. कुत्री हे त्याचं सोपं खाद्य. म्हारळची जुनी कचराभूमी असो की गायकवाड पाड्याची, उघडा कचरा साठला की त्याच्यामागे कुत्री येतात आणि कुत्र्यांमागे बिबट्या. वन्यजीव संरक्षणाची सुरुवात या भागात पिंजऱ्यापासून होत नाही, ओला कचरा घरातच जिरवण्यापासून होते.

आणि पूर. २६ जुलै २००५ ला बदलापूरपासून कल्याणपर्यंत नदीनं आपली जुनी जागा परत मागितली. १४ वर्षांनी, २७ जुलै २०१९ च्या पहाटे, महालक्ष्मी एक्स्प्रेस बदलापूर आणि वांगणीच्या मधे पाण्यात अडकली. गाडीत सुमारे १,०५० प्रवासी होते. राष्ट्रीय आपत्ती प्रतिसाद दल, नौदल आणि चामटोलीसारख्या गावांतले लोक, सगळ्यांनी मिळून दुपारपर्यंत सर्वांना सुखरूप बाहेर काढलं. ज्या लोहमार्गानं १८५६ पासून या खोऱ्याला आकार दिला, त्याच्याच रुळांवर नदी चढली होती. नदीकाठचा भराव, अरुंद केलेले नाले, तोंडात अडकलेल्या प्लास्टिकच्या पिशव्या: पुराच्या दुसऱ्या दिवशी ही यादी सगळ्यांना पाठ असते. २०१८ ची राज्यव्यापी प्लास्टिकबंदी याच अनुभवांच्या पाठीवर आली. तिची खरी परीक्षा उल्हासनगरसारख्या गावात होती, जिथे पिशवी वापरणारेही राहतात आणि बनवणारेही.

दुसरी वही

या सगळ्या इतिहासात खलनायक शोधायला निघालं तर यादी लांबेल आणि हाती काही लागणार नाही. बराकीत राहणाऱ्या कुटुंबानं गटार उघडं बांधलं नव्हतं, ते त्याला उघडं मिळालं होतं. धागा धुणाऱ्या कामगारानं नदीचा सौदा केला नव्हता. रेल्वे, लष्कर, सरकार, महामंडळ या प्रत्येकानं पाणी आणण्याची योजना आधी केली आणि पाणी परत देण्याची योजना नंतरच्या माणसावर सोडली. तो नंतरचा माणूस म्हणजे आपण.

पाणी परत देण्याची पद्धत आता अनोळखी राहिलेली नाही. शुद्ध केलेलं सांडपाणी उद्योगानं विकत घ्यायचं, म्हणजे धरणातलं तेवढं पाणी वाचतं आणि सांडपाण्याला पहिल्यांदा भाव मिळतो. चिंधीला भाव आला तेव्हा चिंधी रस्त्यावर दिसेनाशी झाली, तोच व्यवहार पाण्यालाही लागू पडतो. सोसायटीत ओला कचरा खतात जिरवणं, गणपती कृत्रिम तलावात सोडणं, पिशवी घरून नेणं ही कामं छोटी आहेत, पण ती नाल्याच्या वरच्या टोकाला होतात, आणि नाला वरच्या टोकालाच साफ होतो.

दर जुलैत या पट्ट्यातली वर्तमानपत्रं एक आकडा ठळक छापतात: बारवी किती टक्के भरलं. घराघरांत तो वाचला जातो, त्यावरून पाणीकपात जाईल की राहील याचा अंदाज बांधला जातो. त्याच चौकटीत, त्याच टाइपात, दुसरा आकडा छापायला हवा: काल वालधुनीत आणि उल्हास नदीत प्रक्रिया न करता किती दशलक्ष लिटर पाणी सोडलं गेलं, कोणत्या नाल्यातून, कोणाच्या हद्दीतून. नाल्याच्या तोंडाशी मीटर बसवणं ही अवघड विद्या नाही, उचलणाऱ्या पंपांवर ते कधीपासून बसलेले आहेत. सोडलेल्या पाण्याचा हिशेब रोज दारात येऊन पडू लागला, की नगरसेवकाला मत मागताना आणि कारखान्याला परवाना मागताना त्या आकड्याचं उत्तर द्यावं लागेल.